नानांची भीती

नाना कॉम्प्युटरच्या खोलीत येताना बूट काढत नसत.

आमच्या कारखान्यात तेव्हा कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघर होतं. सबंध इमारतीत एसी फक्त तिथे, आणि दारावर पाटी: 'चपला बाहेर काढाव्यात.' मोठे शेठसुद्धा मोज्यांवर आत यायचे. नाना मात्र दारातच उभे राहून विचारायचे, "आत किती जण?"

"मी एकटीच, नाना."

"ताई, बूट काढले तर पळायचं कसं?"

"कशापासून पळायचं?" मी पहिल्यांदा हसून विचारलं होतं.

"ते आधी कळलं असतं, तर काढले असते की."

ते हसले नव्हते. शेवटी आमची तडजोड झाली. मी त्यांच्यासाठी उंबरठ्याला लागून एक खुर्ची ठेवली. तिच्यात ते बसत, बूट घातलेले पाय दाराबाहेर ठेवून आणि मान तेवढी पडद्याकडे वळवून. दार उघडं राहिल्याने एसीचा गारवा निघून जायचा, म्हणून आमचे साहेब माझ्यावर चिडत. नानांना कोणी काही बोलत नसे. वयाने मोठे होते, आणि कारखाना सुरू झाला तेव्हापासूनचे होते.

कारखाना जळगावच्या एमआयडीसीत होता. सरकी दाबून तेल निघाल्यावर जी ढेप उरते, तिच्यातही थोडं तेल राहतंच. ते काढायला आमच्याकडे सॉल्व्हंट वापरत. दिसायला पाण्यासारखं आणि वागायला पेट्रोलसारखं. ते टँकरने यायचं आणि जमिनीखालच्या टाक्यांत उतरवलं जायचं. त्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते, पार लांबपर्यंत. आणि वाटेत कुठे विस्तव भेटला, तर त्याला घेऊन आली तशी परत येते. हे मला नानांनीच सांगितलं, मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी. मी धुळ्याची, देवपूरची. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून हंगामी म्हणून इथे लागले होते. त्या रात्री खोलीवर मला नीट जेवण गेलं नाही.

नाना तिथले सेफ्टीचे साहेब. कुठलं काम कोणी कसं करायचं, हेही तेच ठरवत. केमिस्ट्री शिकलेले, वाचन भरपूर, पण कारखान्यात त्यांची ओळख एकच: घाबरणारा माणूस. लोखंडाचा खिळा फरशीवर घासला तर ठिणगी पडते, म्हणून त्यांचे बूट चांभाराकडून खास शिवून घेतलेले असत. अंगात कायम सुती शर्ट. वीज साठवणाऱ्या टेरिकॉटच्या कपड्यातला माणूस प्लँटच्या बाजूला जाताना दिसला की ते त्याला बाहीला धरून परत आणत. चालता चालता मध्येच थांबायचे, नाक वर करायचे, दोन-तीनदा हुंगायचे आणि पुढे निघायचे. लग्नाला गेले की आधी मांडवाला फेरी मारून बाहेर पडायच्या वाटा बघून ठेवायचे, आणि पंगतीत वाटेलगतच्या शेवटच्या पानावर बसायचे. त्या पानापर्यंत वाढपी येईस्तोवर वरण निवलेलं असायचं. आयुष्यभर त्यांनी लग्नातलं गार वरण खाल्लं.

लोक म्हणायचे, नानांनी कुठेतरी मोठी आग पाहिली असणार. मी एकदा धीर करून विचारलं.

"नाही ताई. मी काहीसुद्धा पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "ज्यांनी पाहिलं ते घाबरत नाहीत, ते सांगत फिरतात. मी न पाहिलेला माणूस आहे. मला सगळं दिसत राहतं."

आणखी एक त्यांचं नेहमीचं. कोणी भित्रेपणावरून चेष्टा केली की म्हणायचे, "भीती म्हणजे मांजराची मिशी. मिशी असते म्हणून मांजर फटीत अडकत नाही. तुम्ही मिशा काढलेली मांजरं आहात."

पण ते माणसांनाही भ्यायचे, हे मला नंतर कळलं. शेठांच्या केबिनमध्ये जायचं असलं की आधी दोनदा लघवीला जाऊन येत. आत गेले की त्यांचा आवाज इतका बारीक व्हायचा की शेठ म्हणायचे, "नाना, जेवला नाहीत का?" टाकीच्या झडपेपुढे ठाम उभा राहणारा हा माणूस खुर्चीत बसलेल्या माणसापुढे पार विरघळून जायचा.

धाकटे शेठ पुण्याला मॅनेजमेंट शिकून आले, त्या वर्षीची गोष्ट. त्यांच्या तोंडी एकच शब्द असायचा: 'प्रोसेस'. कारखान्यातलं प्रत्येक काम पायऱ्या-पायऱ्यांनी मांडायचं, कॉम्प्युटरवर त्याचं चित्र काढायचं, मग कुठे वेळ फुकट जातो ते आपोआप दिसतं, असं ते सांगायचे. असं चित्र काढून देणारा एक प्रोग्राम त्यांनी पुण्याच्या एका कंपनीकडून महिनाभर वापरून बघायला आणवला. पसंत पडला तर विकत घ्यायचा. तो पारखून त्यावर मत देण्याचं काम त्यांनी नानांना दिलं, आणि मशीन चालवायला मला.

एप्रिल अर्धा उलटला होता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. अशा उन्हात पुण्याहून एक तरुण टाय लावून आला, फ्लॉपींचा डबा घेऊन. त्याने प्रोग्राम मशीनमध्ये घातला आणि आम्हाला शिकवला. तसं सोपं होतं. प्रत्येक पायरीची एक चौकट. चौकटीत तीन गोष्टी भरायच्या: काम काय, ते करणार कोण आणि त्याला वेळ किती. चौकटी बाणांनी जोडायच्या. मग एक बटण दाबलं की चौकटी एकामागून एक उजळत जायच्या, आणि जिथे माणूस किंवा माल नुसता थांबून असेल ती चौकट लाल व्हायची. 'कोण' ही जागा रिकामी ठेवली, तर चित्र पुढे चालायचंच नाही. ती चौकट लुकलुकत राहायची आणि मशीन पींपीं करायचं.

कारखान्यात बातमी पसरायला चहाची एक सुट्टी पुरली. 'ज्याची चौकट लाल, तो घरी.' हे कोणी म्हटलं ते कळलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे बघायच्या लोकांच्या नजरा बदलल्या. कोणी घरच्या कैऱ्या आणून ठेवायचं, कोणी भरताची वांगी. स्टोअरचे म्हातारे क्लार्क एकदा दाराशी आले, चपला काढून, हात जोडल्यासारखे करून. "ताई," ते हळूच म्हणाले, "माझी चौकट कुठल्या रंगाची आली?" त्यांची अजून काढलीच नव्हती. तसं मी सांगितलं तर त्यांचा चेहरा आणखी पडला. चौकटच नाही म्हणजे काय, ते त्यांच्या मनात आलं असणार. मला त्यांची कीव करायला जागा नव्हती. माझी स्वतःची नेमणुकीची ऑर्डर दर हंगामाला नव्याने निघायची.

नानांनी पारखायला एकच काम निवडलं: टँकर उतरवणं. "जे चुकलं तर आपण उरणार नाही, ते आधी काढू," ते म्हणाले. उंबरठ्यावरच्या खुर्चीतून ते सांगत गेले, मी चौकटी भरत गेले. टँकर फाटकातून आत येतो. ड्रायव्हर इंजिन बंद करतो. टँकरला तांब्याच्या तारेचा चिमटा लावून तार जमिनीत जोडतात. मग टँकर बराच वेळ नुसता उभा राहतो, कारण रस्त्यावरच्या हालचालीने आतल्या द्रवात वीज साठलेली असते, ती जमिनीत उतरायला वेळ लागतो. त्यानंतर झाकण उघडायचं, नळी जोडायची, पंप चालू करायचा.

बटण दाबलं. चौकटी उजळत गेल्या, आणि 'टँकर उभा' ही चौकट लालभडक झाली.

धाकटे शेठ नेमके तेव्हा मागे उभे होते. "बघा!" ते म्हणाले. "पहिल्याच चित्रात सापडलं की नाही? हा वेळ वाचला तर टँकर दुपारच्या ऐवजी सकाळी येऊन बाराच्या आत मोकळा होईल. वाहतूकवाला भाडं कमी करील."

"शेठ, ते थांबणं…" नाना म्हणाले. आवाज बारीक झाला. "ते थांबणं म्हणजे… कामच आहे ते."

"नाना, उभं राहणं हे काम असतं का?" शेठ हसले, पुण्याचा मुलगाही हसला, आणि ते दोघे निघून गेले.

नाना खुर्चीत बसून राहिले. मला वाटलं, आता ते प्रोग्रामविरुद्ध लिहायला सांगतील. त्यांच्या मनातही तेच असावं. पण ते म्हणाले, "अर्धवट चित्रावर मत द्यायचं नाही. एक पायरी राहिली आहे. टँकर उतरवायच्या आधी कँटीनची भट्टी विझवतात. ती घाला."

कँटीन टँकरच्या जागेपासून तसं लांब होतं, पण उताराच्या बाजूला. मी चौकट काढली. काम: भट्टी विझवणे. "कोण?" मी विचारलं.

"वॉचमन सांगतो कँटीनमध्ये."

"मग वॉचमन लिहू?"

"थांबा. विचारून येऊ."

आम्ही फाटकावर गेलो. वॉचमन आधारभाऊ स्टुलावर बसून तंबाखू मळत होते. नानांनी विचारल्यावर ते चकित झाले. "मी? मी ते फाटक उघडस, नाना. कँटीनमा सांगाले मी कसाले जाऊ? ते सोनवणेसाहेब सांगतस ना."

सोनवणे म्हणजे पाळीचे सुपरवायझर. ते म्हणाले, "नाही हो, मी कधी गेलो कँटीनला? फाटकावरूनच निरोप जातो. इतकी वर्षं तसंच आहे ना?"

आम्ही खोलीत परत आलो. 'कोण' रिकामं ठेवून मी सवयीने बटण दाबलं. भट्टीची चौकट लुकलुकायला लागली आणि मशीन पींपीं करू लागलं. मी नानांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावर, एसीच्या दारात बसून, घाम आला होता. ही सगळी पद्धत त्यांनीच बसवलेली. रात्रंदिवस त्यांना आग दिसायची, आणि ही एक जागा दिसली नव्हती.

"कँटीनवाल्याला विचारायचं राहिलं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या सुट्टीआधी आम्ही कँटीनमध्ये गेलो. कँटीनवाला सुपडू, मूळचा साक्री तालुक्याचा, पंचा बांधून भट्टीपुढे उभा होता. कोळसे लाल झाले होते, वर सबंध पाळीचा चहा उकळत होता.

"सुपडू, टँकर आला की भट्टी विझवायला तुला कोण सांगतं?"

"माले कोनी सांगत नही, नाना," सुपडू म्हणाला. "टँकर दुपारले येस. दुपारले भट्टी बंदच राहस. जेवनं व्हयी जातस ना बठ्ठासनी."

म्हणजे इतकी वर्षं कोणीच काही केलं नव्हतं. टँकर दुपारी यायचा आणि दुपारी भट्टी थंड असायची, एवढ्यावर आम्ही सगळे जिवंत होतो. नानांनी हे समजून घेतलं ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी भिंतीला हात टेकला.

आणि तेवढ्यात फाटकावर टँकरचा हॉर्न वाजला.

सकाळी टँकर येणार असल्याचं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. धाकट्या शेठांनी आदल्याच दिवशी फोन करून वेळ बदलून घेतली होती. लाल चौकट काढून टाकून काम किती लवकर होतं ते त्यांना स्वतः घड्याळ लावून बघायचं होतं. कँटीनच्या दारातून मला सगळं दिसत होतं. टँकर आत आला, वळला, जागेवर थांबला. धाकटे शेठ आणि पुण्याचा मुलगा छत्री धरून उभे. चिमटा लावला न लावला तोच फिटर पाना घेऊन टँकरवर चढायला लागला. वारा तिकडून आमच्याकडे येत होता. भट्टीचा धूर आमच्या मागच्या भिंतीकडे वाकला होता.

"भट्टी विझव," नाना म्हणाले. सुपडूला ते ऐकूच गेलं नाही, इतका आवाज खाली गेला होता.

"काय, नाना? चहा अजून व्हयना नही…"

नानांनी पुढे होऊन चहाचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं. फडकं नाही, काही नाही, नुसत्या हातांनी. आणि सबंध पातेलं भट्टीत ओतलं. फस्स करून वाफ उठली, राख उडाली, सगळं कँटीन पांढरं झालं. सुपडू ओरडला, "बठ्ठा चहा वती दिधा! नाना, बठ्ठा चहा!" वाफेतून नाना बाहेर पडले, हात पुढे धरलेले, बोटं फाकलेली, आणि टँकरकडे पळत सुटले. त्यांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी मागे पळाले. ते तोंड उघडत होते, पण आवाज येत नव्हता. वरती फिटरने पाना झाकणाला लावला.

तेव्हा मी ओरडले, "झाकण उघडू नका! उघडू नका!"

त्या आवारात बाईचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. फिटर जागच्या जागी थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. नाना टँकरच्या चाकाशी पोहोचले, खाली बसले आणि त्यांना ओकारी आली.

झालं काहीच नाही. झाकण उघडलं नाही, वाफ निघाली नाही, आग लागली नाही. फक्त सगळ्या पाळीला चहा मिळाला नाही. आणि काही झालं नाही म्हणून अर्ध्या तासात कारखाना हसायला लागला. नाना वेडे झाले, कोळशाला चहा पाजला. मी हसू शकत नव्हते. वाफ त्या उतारावरून सरपटत येताना मला दिसत होती. त्या दिवसापासून ती मलाही दिसायला लागली.

संध्याकाळी धाकट्या शेठांनी बोलावलं. नानांच्या दोन्ही हातांना मलम लावून पट्ट्या बांधल्या होत्या. पुण्याचा मुलगाही होता.

"नाना, तुम्ही सगळ्यांसमोर माझा तमाशा केला," शेठ म्हणाले. "ते राहू द्या. प्रोग्रामबद्दल तुमचं मत सांगा. चांगला की वाईट?"

मला वाटलं, आता नाना त्याचा निकाल लावणार. पण नाना हातांच्या पट्ट्यांकडे बघत म्हणाले, "घ्या, शेठ. चांगला आहे."

पुण्याच्या मुलाने चमकून मान वर केली.

"मी इतकी वर्षं घाबरत होतो आणि मला ती भट्टी दिसली नाही. याने दाखवली. मला घाबरवणाऱ्या वस्तूला मी वाईट कसं म्हणू?" त्यांचा आवाज कापत होता, पण बारीक झाला नव्हता. "फक्त एक. टँकर उभा राहतो ती चौकट लाल करायची नाही. उभं राहणं हे काम आहे असं त्याच्यात लिहिता येतं का?"

"येतं ना, सर," पुण्याचा मुलगा घाईने म्हणाला. "तिथे नुसतं कोणाचं तरी नाव टाकावं लागेल."

"माझं टाका. टँकर उभा असेल तोवर मी त्याच्याजवळ उभा राहीन. आणि भट्टीच्या चौकटीत कोणाचं नाव घालायचं ते शेठ, तुम्ही सांगा."

शेठ खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे हा प्रोग्राम घेऊन माझा वेळ वाचणार नाही, उलट माणूस अडकणार. वर तो मला घाबरवणार. घाबरायला मी पैसे कशाला देऊ, नाना? टँकर पहिल्यासारखा दुपारी येऊ दे. दुपारी भट्टी बंदच असते ना? मग झालं तर."



पुण्याच्या मुलाने दुसऱ्या दिवशी फ्लॉपी गोळा केल्या. निघताना तो उंबरठ्यावरच्या खुर्चीपाशी थांबला. टाय खिशात घातला होता. "सर, इथे अजून अशा किती रिकाम्या चौकटी असतील हो?"

"तेच म्हणतो मी," नाना म्हणाले. "तुम्ही निघालात, आणि हा प्रश्न इथे ठेवून चाललात."

प्रोग्राम परत गेल्याचं कळलं तेव्हा कारखान्यात दिवाळी झाली. नानांनी शेठांशी भांडून लाल चौकट हाकलली, सगळ्यांच्या नोकऱ्या वाचवल्या, अशी कथा तयार झाली. काल हसणारेच पेढे घेऊन आले. स्टोअरच्या म्हाताऱ्या क्लार्कनी नानांच्या गळ्यात हार घातला आणि डोळे पुसले. नाना हार घालून घेत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलेली सगळ्यात मोठी भीती होती. माझ्याजवळ येऊन ते कुजबुजले, "ताई, हे लोक खूश आहेत. आणि भट्टीला अजून माणूस नाही."

तेव्हापासून टँकर आला की ते स्वतः आधी कँटीनमध्ये जात, भट्टीच्या राखेत हात घालून बघत, मगच टँकरजवळ जाऊन उभे राहत. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. माझ्याकडून कॉम्प्युटरचे वापरलेले लांबलचक कागद मागून नेऊ लागले. त्यांच्या कोऱ्या बाजूवर, घरी जमिनीवर पसरून, ते हातानेच चौकटी काढायचे. बॉयलर, गोदाम, रात्रपाळीची बदली. प्रत्येक चौकटीत कोण, म्हणून विचारत फिरायचे. कुठे ना कुठे रिकामी जागा निघायचीच. ती भरायला शेठांकडे जायचे, शेठ म्हणायचे, 'बघू.' नानांचे गाल बसत चालले.

एक दिवस त्यांच्या मिसेस माझ्या खोलीवर आल्या. मी त्यांना काकू म्हणायचे. पदराने घाम पुसत बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, त्यांना ते चित्र बंद करायला सांग. तुझं ऐकतील. आता घराचं काढलंय. गॅसच्या टाकीचं बटण कोण बंद करतं, विचारलं मला. मला वाटे ते करतात, त्यांना वाटे मी करते." त्या हसायला लागल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या. "इतक्या वर्षांचा संसार. आता माझ्याच घरात मला कशालाही हात लावायची भीती वाटते. झोपत नाहीत गं ते. मीही झोपत नाही."

मी नानांना सांगितलं.

"कागद फाडता येतील, ताई," ते म्हणाले. "दिसलंय त्याचं काय करू?"

वर्षभरातच त्यांनी तब्येतीच्या कारणाने नोकरी सोडली. मी पुढे लग्न होऊन धुळ्याला परत गेले. कारखान्याला कधी आग लागली नाही. काही वर्षांनी तो तोट्यात जाऊन बंद पडला, इतर पडले तसाच.

काकू गेल्याचं मला उशिरा कळलं. नाना अमळनेरला मुलीकडे असतात असंही कळलं, तेव्हा मी एका रविवारी एसटीने गेले. मुलीने दार उघडलं. "ओळखणार नाहीत ते तुम्हाला," ती म्हणाली, "पण माणूस आलं की खूश होतात." मग आवाज खाली आणून, अगदी आनंदाने म्हणाली, "एक मात्र चांगलं झालं. त्यांची भीती गेली. आता कशालाच घाबरत नाहीत. लहान मुलासारखे झालेत."

नाना खरंच छान दिसत होते. गाल भरले होते. त्यांनी मला कोण म्हणून विचारलं नाही, नुसते हसले, शेजारी बसवून घेतलं आणि ताटलीतली केळी पुढे केली. मी निघाले तर मला सोडायला स्टँडपर्यंत येतो म्हणाले. मुलीने मानेनेच 'जाऊ द्या' असं सांगितलं.

बाहेर आलो. माझ्याशी गप्पा मारत मारतच ते सरळ रस्त्यावर उतरले, इकडे न बघता, तिकडे न बघता. समोरून कापसाच्या गाठींचा ट्रक येत होता. मधोमध थांबून ते मला समोरच्या कडुलिंबावरचे पोपट दाखवायला लागले. ब्रेक करकचून वाजले. मी धावत जाऊन त्यांच्या दंडाला धरलं आणि ओढत कडेला आणलं. ड्रायव्हर खिडकीतून शिव्या देत होता. दोन्ही हातांनी मी त्यांचा दंड धरून ठेवला होता आणि तो सुटत नव्हता.

नाना माझ्याकडे कौतुकाने बघत होते. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

"काय गं पोरी, इतकी कसली घाबरतेस?" ते म्हणाले. "मी आहे ना." आणि माझा हात धरून ते मला पुन्हा रस्त्याकडे ओढायला लागले.